नऊ खोल्यांतली मोटार

दिनानाथ अजिंक्य स्वतः एका खोलीत राहायचे आणि त्यांची मोटार नऊ खोल्यांत राहायची. थट्टा करत नाही. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत तुम्ही त्या वेळी आला असता, तर सावंतांच्या खाटेखाली तुम्हाला तिची दोन चाकं दिसली असती, शिंपीणबाईंच्या मशीनमागे एक दरवाजा, कांबळ्यांच्या पोटमाळ्यावर बॉनेट. आमच्याकडे, तिसऱ्या माळ्यावर, चुलीजवळच्या खुंटीला तिचं स्टीअरिंग होतं. मी त्याला पळ्या आणि झारा अडकवायची. खाली अंगणात नळाच्या बाजूला विटांच्या थप्प्यांवर नुसता सांगाडा आणि त्यात इंजिन. इंजिन तेवढं अजिंक्यभाऊजींनी जागच्या जागी बसवलं होतं, कारण ते ठेवून घ्यायला कोणी तयार झालं नव्हतं.

त्यांची रीत ठरलेली. रविवारी सकाळी कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे नाहीतर चोरबाजारात जायचं, आणि दुपारी पांढरी पँट काळी करून कुणाच्या तरी दारात उभं राहायचं. काखेत कधी दिवा, कधी मडगार्ड. "वहिनी, चार दिवस ठेवतो." सावंतांचा धाकटा त्या खाटेखालच्या चाकाला धरून उभा राहायला शिकला, आणि पुढे त्याच चाकावर बसून बाराखडी शिकला. चार दिवस काही संपले नाहीत.

माणूस कचेरीतला कारकून. अंगावर मांस बेताचं, पण घराण्याचा अभिमान भरपूर. गिरगावात आजोबांची बग्गी होती, हे ते कुठेही सांगायचे. सकाळी संडासाच्या रांगेत डबा घेऊन उभे असले तरी सांगायचे. आधी घोडा मेला, मग बग्गी गेली, मग घर गेलं, आणि शिल्लक राहिलं ते आडनाव. लग्न झालं नव्हतं. म्हणतात की एकदा मुलगी बघायला गेले, तर मुलीच्या मामाची मोटार दारात उभी होती. हे तिच्याखाली शिरले. बाहेर आले तोवर पोहे गार झाले होते आणि मुलीचं मत बनलं होतं.

त्यांचा एकच मंत्र. "मूळचं ते मूळचं." गाडी चौतीस सालची, तर तिला लागणारा खिळासुद्धा चौतीस सालचाच हवा. दाराच्या एका मुठीसाठी चार महिने फिरले आणि मिळाली ती पस्तीसची. ती त्यांनी उंदराची शेपटी धरावी तशी दोन बोटांत धरून मला दाखवली. मी म्हटलं, "भाऊजी, मुठीनं दार उघडतं ना? मग झालं की." ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही आमटीत आमसुलाऐवजी लिंबू पिळाल का?" मी पिळते, पण ते त्यांना सांगितलं नाही. पुढच्या रविवारी मूठ परत गेली.

जो भाग परीक्षेला उतरेल, त्याच्या पाठीवर भाऊजी पांढऱ्या रंगानं, अगदी वळणदार कारकुनी अक्षरात, त्याचं नाव लिहायचे आणि पुढे 'मूळचं'. आमच्या स्टीअरिंगवर मागच्या बाजूला लिहिलेलं होतं, 'हातचाक. मूळचं.' पोरीला बघायला नवऱ्याकडची माणसं येतात आणि पसंत पडली की कुंकू लावतात, तसंच ते.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आख्खी चाळ चळवळीत. आमचे हे गिरणीतून परस्पर मोर्चाला जायचे, आम्ही बायका लेकरं काखोटीला मारून सभेला. भाऊजी मात्र सांगाड्याखाली पडलेले. सावंत एकदा चिडून म्हणाले, "अहो अजिंक्य, लाज वाटते का काही? मुंबई चाललीय हातातून." खालून आवाज आला, "कुठे जाते? मुंबई हा महाराष्ट्राचा मूळचा पार्ट आहे. दुसऱ्या गाडीला बसणारच नाही तो. परत आणून देतील." सावंत म्हणाले, "हेच मोर्चात येऊन बोला." एक दिवस निघालेही बिचारे. पण वाटेत नायगावला एक चौतीसची गाडी उभी दिसली. मोर्चा पुढे गेला, भाऊजी तिथेच राहिले.

गडबडीच्या दिवसांत एकदा पोलीस चाळीत शिरले, दगड-सळया लपवल्यात का बघायला. कांबळ्यांच्या पोटमाळ्यावर बॉनेट सापडलं. हवालदार म्हणाला, "हे कसलं?" भाऊजी धावत आले आणि म्हणाले, "चौतीसचं." हवालदार म्हणाला, "कशासाठी ठेवलंय?" भाऊजी म्हणाले, "चार दिवसांसाठी." त्याला मग अर्धा तास सगळं समजावून सांगितलं. जाताना हवालदारानं कांबळेबाईंना विचारलं, "ह्यांना घरचं कोणी नाही का?"

आता माझ्या सासूबाईंचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. म्हातारी मालवणकडची, तोंडानं फटकळ. नळावरून बादली आणताना जिन्यात पडली आणि कमरेचं हाड गेलं. चालणं संपलं, जमिनीवर बसणं संपलं. दिवसभर खाटेवर पडून छत बघायची आणि मला शिव्या घालायची. सुनेला ऐकून घेण्याशिवाय दुसरं काम काय.

एका रविवारी भाऊजी मोटारीची सीट घेऊन आले. एकाच माणसाची, कातड्याची, आत स्प्रिंगा. "वहिनी, चार दिवस ठेवतो," म्हणून गॅलरीत टेकवली. ह्यांनी आणि भाऊजींनी उचलून आईंना तिच्यावर बसवून बघितलं. म्हातारीनं मागे डोकं टेकलं, कठड्यातून खालचा रस्ता बघितला, आणि त्या दिवशी मला एकही शिवी घातली नाही. तेव्हापासून ती सकाळी त्या सीटवर बसली की दिवे लागेपर्यंत हलायची नाही. खाली झाडू घालायचा तरी तिच्यासकट सीट ओढावी लागायची.

आणि मग ह्या दोघांचे चाळे सुरू झाले. संध्याकाळी कचेरीतून आले की भाऊजी सरळ आमच्याकडे. खुंटीवरच्या माझ्या पळ्या काढून ठेवायचे, स्टीअरिंग आईंच्या हातात द्यायचे, आणि स्वतः आमचा रॉकेलचा रिकामा डबा पालथा घालून शेजारी बसायचे. म्हातारी गाडी चालवायची. खरं सांगते. सत्तरीची बाई, नऊवारीत, तिसऱ्या माळ्यावर.

"दिना, आपण खंय पावलो?"

"देऊळ आलं, आजी."

देऊळ आलं की ती चाक सोडून दोन्ही हात जोडायची.

"आजी, चाक धरा. समोरून ट्राम येतेय."

"येऊ दे. देवापेक्षा मोठी हा काय ती?" मग गॅलरीतून खरंच कोणी चालला असेल तर त्याला, "शिरा पडो तुज्या तोंडार, बाजूक हो."

"आजी, ह्या चालीनं हिंदमातेच्या चौकात उद्या पोचू."

"माका घाई नाय."

लाजेनं मी आत तोंड लपवायची. नळावर बायका विचारायच्या, "काय हो, सासूबाईंनी आज कुठवर नेली?" मी म्हणायची, "एक कंबरेनं गेली, दुसरा डोक्यानं. चांगली जोडी जमलीय." बोलायला मी काही कमी नव्हते.

अशी वर्षं गेली. मग भाडं वसूल करणाऱ्या मेहताजींनी येऊन सांगितलं की मालकाला अंगणात शेड बांधायची आहे. एक तारखेला गाडी स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर गेली तर ठीक, नाहीतर दोन तारखेला भंगारवाल्याची हातगाडी येईल. भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. त्याच एक तारखेला महाराष्ट्र होणार होता. सावंतांनी चाळीत जाहीर केलं, "मिरवणुकीत महाराजांची तसबीर अजिंक्यांच्या गाडीवर. सगळ्यांनी आपापले भाग बाहेर काढा."

भाग काढणं सोपं नव्हतं. शिंपीणबाई त्या दरवाजावर कापड बेतायच्या, त्या म्हणाल्या, "आता मी काय मांडीवर कापू?" कांबळेबाई बॉनेटवर पापड वाळवायच्या. भाऊजी वही घेऊन दारोदार हिंडले, ज्याचं त्याचं ऐकून घेतलं, आणि भाग घेऊन गेले. ह्या बाबतीत दयामाया नव्हती त्यांना.

शेवटी आमच्याकडे आले. मी पळ्या काढल्या, स्टीअरिंग दिलं. मग ते गॅलरीत आले. आई सीटवर बसलेल्या.

"चाक नेतंस तर ने," आई म्हणाल्या. "ही पण नेतलंस?"

भाऊजी वाकले. आईंच्या गुडघ्याजवळून सीटची कड दाबली, स्प्रिंग ऐकली, कातड्याचा वास घेतला. बराच वेळ वाकलेलेच होते.

"नाही आजी," ते म्हणाले. "ही मूळची नाही. भलत्याच गाडीची आहे. भंगारवाल्यानं फसवलं मला. असू दे इथेच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तो डबा तेवढा द्याल?"

मला हसू आवरेना. खिळ्याचं साल ओळखणारा माणूस आख्ख्या सीटला फसला. दुसऱ्या दिवशी नळावर मीच सांगितलं आणि चाळभर झालं. पोरंटोरं येता-जाता विचारू लागली, "अजिंक्यकाका, सीट कुठल्या सालची?" ते मान खाली घालून नट आवळत राहायचे.

एक तारखेला गाडी निघाली. दहा जणांनी ढकलली तेव्हा इंजिन खोकलं, धूर ओकलं, आणि सुरू झालं. पुढे लेझीम, बॉनेटवर तसबीर, आणि आत आमचे अजिंक्यभाऊजी रॉकेलच्या डब्यावर. डबा उंच, त्यामुळे डोकं छताला लागायचं आणि मान वाकडी धरावी लागायची. खड्डा आला की डबा वाजायचा. रस्त्यावरची माणसं महाराष्ट्राचा जयजयकार थांबवून हसत होती. गॅलरीखाली आल्यावर त्यांनी दोनदा हॉर्न दिला. आईंनी वरून हात केला आणि ओरडल्या, "दिना, हळू चलय रे." गाडी हिंदमातेपर्यंत गेली, साड्यांच्या दुकानांसमोर बंद पडली, आणि ढकलत परत आली. पण उभी राहिली ती फाटकाबाहेर. मेहताजींनी फाटक लावून घेतलं. पुढे रविवारी-रविवारी ती निघायची, आणि भाऊजी डब्यावर बसून चालवायचे. दुसरी सीट का शोधत नाहीत, असं विचारलं की म्हणायचे, "मूळची मिळत नाही."

दोन वर्षांनी आई गेल्या. तेराव्यानंतर खोली धुवायला काढली. ह्यांनी ती सीट गॅलरीत आडवी केली आणि मला हाक मारली.

खालच्या लाकडावर पांढऱ्या रंगात, वळणदार अक्षर.

'पुढची, उजवी. मूळची.'

रंग जुना, पापुद्रे निघालेला. सीट आली त्या रविवारीच लिहिलेलं असणार.

नळावर दोन वर्षं बोलून झालं होतं माझं.

संध्याकाळी भाऊजींना वर बोलावलं. सीट आडवीच ठेवली होती. त्यांनी अक्षर बघितलं, मी बघितलेलं बघितलं, आणि चोरी पकडल्यासारखे कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

"भाऊजी, घेऊन जा आता," मी म्हटलं. "मान वाकडी झाली तुमची."

त्यांनी सीट सरळ केली, होती तशी कठड्याकडे तोंड करून ठेवली. कातड्यावर मधोमध म्हातारीच्या बसण्याचा खळगा पडला होता. त्यावरून त्यांनी हात फिरवला.

"चार दिवस राहू दे, वहिनी."

मग इकडेतिकडे बघून रॉकेलचा दुसरा रिकामा डबा पालथा घातला आणि सीटच्या शेजारी बसले. खालच्या रस्त्याकडे बघत राहिले. मी चहा टाकला, कप आणून त्यांच्या हातात दिला, आणि कठड्याला टेकून उभी राहिले.

थोड्या वेळानं मीच विचारलं, "भाऊजी, हिंदमाता आलं का?"

"कुठलं, वहिनी," ते म्हणाले. "अजून देवळापाशीच आहोत. आजी हळू चालवतात."