बेंजोची बोली

रविवारी दुपारी दोनपासून नामदेव तांडेल हॉलमधून किचनमध्ये आणि किचनमधून परत हॉलमध्ये येरझारा घालत होते. ताटातलं कोलंबीचं कालवण गार होऊन गेलं होतं. चार दिवसांवर पोरीची हळद आलेली, मांडववाला फोन उचलायला तयार नाही, आणि हा माणूस मोबाइल छातीशी धरून नुसता फिरतोय, हे बघून सुचिताबाईंचा पारा चढला.

“अवो, बसा की जरा! लादी झिजंल.”

“सातला संपतंय,” नामदेव म्हणाले. “पाच तास रायले.”

संपणार होता तो एका वेबसाइटवरचा लिलाव. जुन्यापान्या वस्तू विकणारी वेबसाइट, विकणारा तुर्भ्याचा कुणी भंगारवाला, आणि वस्तू म्हणजे एक बेंजो. लाकडाची लांबट पेटी, वर तारा, आणि टाइपरायटरसारखी बटणं. फोटोत सातव्या बटणाची टोपी गेलेली दिसत होती आणि तिच्या जागी शर्टाचं शिंपल्याचं गुंडीबटण चिकटवलेलं होतं. ते गुंडीबटण नामदेवांच्या लग्नातल्या शर्टाचं. त्यांनी स्वतःच्या हातानं चिकटवलेलं.

तर बेंजो त्यांचाच होता. एके काळी सारसोळ्यात त्यांची बेंजो पार्टी होती आणि आजूबाजूच्या गावांतली एक हळद तिच्यावाचून होत नव्हती. प्रियाच्या बारशाला त्यांनी भर मांडवात सांगून टाकलं होतं, “हिच्या हळदीला मीच वाजवनार, आनि याच बेंजोवर.” पुढं डीजे आले, पार्टी मोडली, भागीदार बेंजो घेऊन गेला आणि कुणाला तरी विकून मोकळा झाला. नामदेवांनी रबाळ्याच्या कंपनीत फोरमनकी केली, रिटायर झाले, पण तो शब्द काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही. आणि आता ऐन हळदीच्या तोंडावर पुतण्या केतनला मोबाइल चाळता चाळता हा फोटो सापडला. देवच पावला म्हणायचा!

फोटो सापडला शुक्रवारी. लिलाव पंधराशेला सुरू होता. केतननं काकाच्या नावानं खातं उघडून दिलं आणि तो पाणी प्यायला आत गेला. बाहेर येतो तर काकांनी पाच हजारांची बोली लावून टाकलेली.

“नाना, हे काय केलंत!” केतननं कपाळावर हात मारला. “असं आधी बोलायचंच नसतं. गप बसायचं. आपल्याला काय पायजे ते कोनाला कलू द्यायचं नाय. शेवटचे दहा सेकंद उरले का आकडा टाकायचा. समोरच्याला बोट हलवायला पन टाइम भेटत नाय.”

“म्हंजे चोरावानी?”

“याला स्ट्रॅटेजी बोलतात.”

“बोलूदे. नवरात्रान गावदेवीच्या नारलाचा लिलाव अठरा वर्सं घेतलाय मी. मी उभा रायलो का अख्खं देऊल वलून बघतं. पयला आकडा खनखनीत बोलायचा, लपूनछपून नाय.”

खणखणीत आकड्याचा वेबसाइटवर कुणावर काही परिणाम झालेला दिसला नाही. शनिवारी सकाळी कुणीतरी साडेपाच हजार बोललं. नाव दिसत नव्हतं, नुसत्या चांदण्या. नामदेव अस्वस्थ झाले. विकणाऱ्याला प्रश्न विचारायची एक चौकट खाली होती, तिच्यात त्यांनी केतनला न विचारता लिहिलं: ‘मी नामदेव पांडुरंग तांडेल, रा. सारसोळे. सदर बेंजो माझ्या मुलीच्या हळदीसाठी हवा आहे. तरी सर्व सज्जनांनी माघार घ्यावी, ही नम्र विनंती.’ खाली मोबाइल नंबर.

ही चौकट सगळ्या जगाला दिसत होती. सज्जनांपैकी एकानं फोन करून हळदीसाठी डीजे स्वस्तात देऊ केला. दुसऱ्यानं विचारलं, “काका, एवढी विनंती करताय म्हणजे पीस रेअर आहे का?” नामदेव भोळेपणानं म्हणाले, “असा बेंजो आता भेटनार नाय.” संध्याकाळपर्यंत बोली साडेसात हजारांवर गेली.

मग त्यांनी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक टाकली आणि खाली लिहिलं, ‘माझा जुना बेंजो सापडला. मी बोली लावली आहे.’ आपल्या माणसांना सांगून जरा जीव हलका करावा, एवढाच हेतू. ग्रुपवर लगोलग साठ-सत्तर अंगठे उमटले आणि नामदेवांना खरंच बरं वाटलं.

रविवारी मात्र आकडा थांबेना. तीन वाजता नऊ हजार. साडेतीनला दहा. नामदेवांनी चढावं, की पाच मिनिटांत वर दुसऱ्या कुणाची तरी बोली. चांदण्यांमागं कोण दडलंय काही कळायला मार्ग नाही.

“कोन असंल रे हा मेला?” नामदेवांच्या पायाला भिंगरी लागली होती.

“दादरचा कोनी जुन्या वस्तू जमवनारा कलेक्टर असंल. त्यांना भिंतीवर लावायला लागतात अशा वस्तू,” केतन म्हणाला.

“भिंतीवर? माजा बेंजो?” नामदेवांनी दात-ओठ खात अकरा हजार टाकले.

साडेपाचला त्यांच्या पार्टीत ढोलकी वाजवणाऱ्या बाळारामचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

“नामा, खूश ना? साडेअकरा टाकलेत बघ!”

नामदेव खाली बसले. “तू टाकलंस?”

“मंग? मगाशी नऊ पन मीच केलं. दहा शांतीनं केलं, मधले राजेश्वरीच्या पोरानं. अरे, गावचा मानूस बोली लावतो नि कोनी चढवलीच नाय तर लोक काय बोलतील? तुजा मान हाय का नाय?”

केतन बघतच राहिला. त्याला हे सुचलंच नव्हतं, आणि नामदेवांना अठरा वर्षं नारळ घेऊनसुद्धा सुचलं नव्हतं. गावदेवीच्या लिलावाची रीतच अशी. ज्याला नारळ हवा तो पहिला आकडा बोलतो, मग सोयरे, शेजारी, दोस्त एकेक करून वर चढवतात. नारळ त्यांना नकोच असतो. पैसा देवळाला जातो, आणि जितका आकडा मोठा तितका घेणाऱ्याचा मान मोठा. शेवटी सगळे हसत खाली बसतात आणि नारळ ज्याचा त्याला मिळतो. अख्खं सारसोळे आदल्या संध्याकाळपासून वेबसाइटवर नामदेवांचा मान वाढवत बसलं होतं. दादरचा कलेक्टर कुठंच नव्हता.

“अरे गाढवांनो,” नामदेव ओरडले, “हे पैसे देवीला नाय, भंगारवाल्याला जानार हायत!”

“हाव काय?” बाळारामनं विचारलं. “पन मान तर तुजाच ना?”

पुढचा सव्वा तास नामदेवांनी फोनवर काढला. बाळारामला, शांतीला, राजेश्वरीला, तिच्या पोराला, ज्याच्यावर संशय आला त्या प्रत्येकाला त्यांनी अशा काही भाषेत सांगितलं, की सुचिताबाईंनी किचनचं दार लावून घेतलं. ग्रुपवर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘यापुढे कोणी तोंड उघडायचं नाही.’ ग्रुप चिडीचूप झाला. सात वाजायला पाच मिनिटं असताना साडेअकराचा आकडा जागेवर होता, आणि तो बाळारामचा होता.

“आता माझं ऐका,” केतन म्हणाला. “आकडा भरून ठेवतो, बारा हजार. दहा सेकंद रायले का मी बोलीन, तुमी बटन दाबा. त्याच्या आधी नाय.”

तोंडाला इतका फेस आल्यावर नामदेवांनी मान हलवली. सोफ्याच्या कडेवर बसून दोन्ही हातांनी मोबाइल धरला, अंगठा बटणावर अधांतरी. प्रिया मेंदीचे हात वर धरून मागं उभी राहिली. सुचिताबाई देवघराकडं तोंड करून बसल्या. घड्याळ उलटं धावत होतं. तीस. वीस. पंधरा.

“रेडी,” केतन म्हणाला. “बारा... अकरा...”

आणि मोबाइल वाजला. पडदाभर एकच नाव आलं: मालतीबाई, दिवाळे. प्रियाची होणारी सासू.

“कापा, नाना! कट करा!”

“विहीनबायचा फोन कापू?” नामदेवांचा आवाज चिरका झाला. “लग्नाला पाच दिस नाय रायले! मुलाची आय हाय ती!”

“नाना, लाल बटन!”

नामदेवांनी हिरवं दाबलं.

“व्याही,” मालतीबाई लाडानं म्हणाल्या, “टेन्शन घेऊ नका बरं. सुचिताताईंनी दुपारी सगलं सांगितलं मना. माज्या सोयऱ्याचा मान हाय, मी कशी मागं राहीन? आत्ता चौदा हजार टाकलेत माज्या दिपेशकडनं. चला, आता तुमी चढा!”

सात वाजले होते.

फोन खाली ठेवल्यावर घरात कुणी कुणाकडं बघेना. नामदेवांनी विहीणबाईंना काय सांगितलं, तर “लय छान केलंत.” दुसरं काय सांगणार? मुलीच्या बापानं विहिणीकडं वस्तू मागायची नाही, आणि तिनं दिली तरी फुकट घ्यायची नाही, हे त्यांच्या रक्तातच होतं.

“मी बोलते आईंशी,” प्रिया म्हणाली.

“खबरदार!”

सोमवार, मंगळवार, बुधवार नामदेव मांडवाचे बांबू मोजत हिंडले. मांडववाला आला, त्याच्याशी भांडले. केटरर आला, त्याच्याशी भांडले. डीजे सांगायचा का म्हणून केतननं हळूच विचारलं, तर त्याच्याशी तीन तास बोलले नाहीत. शब्द दिला होता, बेंजो सापडलाही होता, आणि आता तो खाडीकाठानं जेमतेम दोन कोसांवर दिवाळ्याच्या एका घरात पडून होता. सापडला नसता तर इतकं वाईट वाटलं नसतं.

गुरुवारी संध्याकाळी दिवाळ्याहून उष्टी हळद आली. नवऱ्याला लावून उरलेली हळद ताटात घेऊन स्वतः मालतीबाई मांडवात शिरल्या. मागं चार बायका, आणि त्यांच्यातल्या एकीच्या काखेत निळ्या प्लास्टिकात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. नामदेवांची नजर तिथंच खिळली.

हळद लावून झाली. प्रिया डोक्यापासून पायापर्यंत पिवळी होऊन पाटावर बसली होती. मालतीबाईंनी पदर खोचला, प्लास्टिक सोडवलं आणि बेंजो उंच धरला.

“व्याही, याची गोष्ट मना प्रियानी सांगितली. असाच दिला तर तुमी घेनार नाय. विकत दिला तर मना लाज. तवा मी इथं लिलाव लावते. जो पैसा येईल तो तुमच्या गावदेवीला. बोला!”

मांडवात एकदम कुजबुज झाली. नामदेवांनी पोरीकडं रागानं बघायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही. ते उठले, सदरा सारखा केला आणि आवाज लावला, “पाच हजार!”

कुणी हूं की चूं केलं नाही. अडीचशे माणूस गप्प. बाळाराम चपलेचा अंगठा तपासत होता. शांती वर बल्बांच्या माळांकडं बघत होती.

नामदेव थांबले. चारही बाजूंना वळून बघितलं. आजवर कुठल्याच लिलावात त्यांच्या पहिल्या आकड्यावर अशी शांतता पडली नव्हती, आणि तीही विहिणीसमोर!

“अरे, कोनी बोला की!”

“नाय बाबा,” बाळाराम म्हणाला. “परवा फोनवर तू मना काय काय बोललास, ते अजून कानात वाजतंय.”

“ते वेगलं होतं!”

कुणी हललं नाही. नामदेवांचा चेहरा लाल झाला. “सात हजार!” ते म्हणाले.

“नाना,” केतन कुजबुजला, “पाच पन तुमचेच होते.”

“मना ठावं हाय. नऊ!”

मांडवात हसू फुटलं, पण बोली कुणी लावेना. नामदेव एकटेच स्वतःवर चढत राहिले. अकरा. बारा. साडेतेरा. शेवटी छाती फुगवून ते थांबले ते विहीणबाईंच्या वर एक रुपया ठेवून. “चौदा हजार एक!”

“चौदा हजार एक,” मालतीबाई म्हणाल्या. “एक वार. दोन वार.” त्यांनी श्वास घेतला.

“पंधरा हजार!”

आवाज पाटावरून आला होता. पिवळा हात वर करून प्रिया ओरडली होती.

“तीन वार!” मालतीबाईंनी त्याच श्वासात उरकून टाकलं.

टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. केतन खुर्चीवर उभा राहून नाचायला लागला. नामदेव पोरीकडं गेले.

“बाय, बापाच्या तोंडातनं काढून घेतलास?”

“तुमी स्वतालाच हरवत होतात, पप्पा. कोनीतरी चढवायला नको?” प्रिया म्हणाली. “तुमचा मान हाय का नाय? आनि आता बेंजो माजा हाय. माज्या हलदीला कोन वाजवनार ते मी ठरवनार. बसा इथं.”

बाळाराम कुणाचीतरी ढोलकी घेऊन शेजारी येऊन बसला. नामदेवांनी पाटापाशी मांडी घातली, बेंजो पुढ्यात ओढला आणि एकेक तार पिळून सुरात आणली. ऐन तारुण्यातसुद्धा ते कुणाची फर्माईश घेत नसत, आपल्याला हवं तेच वाजवत. आज त्यांनी तारेवर बोट ठेवलं आणि मान वर करून मालकिणीला विचारलं,

“काय वाजवू, बाय?”