क्यू अक्षराची मोहीम आणि डोईतील काडी

विदित व्हावे. त्सोमो नदीपलीकडील टेकडीवर, गवताने शाकारलेल्या गोल खोलीत आमच्या बाळशाळेची पातशाही आहे, तिच्यावर गुदरलेला प्रसंग जैसा घडला तैसा लिहिला आहे. पदरचे घातले ते थोडे.

थोरल्या बाईसाहेब नोक्वाखा, ज्यांस मुले आजी म्हणत, यांनी एकेक अक्षर गोष्टीच्या जोरावर काबीज केले होते. दिवसा गोष्ट सांगणाराचे डोईस शिंगे फुटतात, हा आमच्या मुलखाचा पुरातन दस्तूर. आणि शाळा तर दिवसाच भरणार. मग बाईसाहेब केसांत एक काडी खोचीत, म्हणजे शिंगांस मनाई होई, आणि गोष्ट सुखरूप चाले. येणेप्रमाणे पी पावेतो मुलूख सर जाहला. मग क्यूवर स्वारी निघाली. जीभ टाळूस चिकटवून सोडिली की बाटलीचे बूच उडाल्याचा आवाज निघतो, तो आमच्या बोलीतील क्यू. आणि अंड्याच्या नावात तोच वाजतो. सबब गोष्टीत कोल्ह्याने अंडे चोरावयाची मसलत केली, अंड्यास हात घातला, आणि शाळा सुटली. दुसरे दिवशी बाईसाहेब निजल्या त्या उठल्या नाहीत.

तख्तावर त्यांच्या कन्या वुयोकाझी बाई आल्या. केप टाउनास शिकलेल्या, मोठाल्या तक्त्यांचा सरंजाम बाळगून. गावात मसलत चालली होती की मुले नव्या बाईंस न जुमानतील तर वर्ग मोडावा आणि मुले तालुक्याच्या शाळेत घालावी. वर्ग मोडता तर आईचे नाव त्या खोलीतून पुसले जाते, हे बाई जाणून होत्या, पण कोणापाशी बोलल्या नाहीत.

पहिला हल्ला तक्त्यांचा केला, तो फसला. मुलांची फौज एकमेकांच्या कानांत जिभेची बुचे उडवीत बसली, आणि तक्त्याकडे कोणी पाहिले नाही. मग बाईंनी कोल्ह्याची गोष्ट काढली, तो सारी फौज स्वेटर डोक्यांवर ओढून दाराकडे हटली.

"बाई, काडी कुठंय?" फौजेची सेनापती लिथा म्हणाली.

"शाळेत शिंगं येत नसतात."

"आजीला पण आली असती. ती काय येडी होती, काडी लावायला?"

म्बासा नामे सरदार बाकावर चढला आणि बाईंचे डोके चाचपून म्हणाला, "इथं टेंगूळ आलंय. सुरुवात झाली."

बाईंनी कुंपणाची काडी मोडून आणविली. फौजेने ती नामंजूर केली. "ही नाही. आजीचीच पाहिजे." आणि आजीची काडी कोठे, हे घरादारात कोणास ठाऊक नव्हते. बाई खुर्चीवर बसल्या, आणि पुष्कळ वेळ तक्त्याची गुंडाळी करीत राहिल्या.

तेव्हा लिथाने मोजा खाली केला आणि आतून काडी काढली. टोक झिजून गुळगुळीत जाहलेले. शेवटच्या दिवशी आजीच्या केसांतून पडली होती.

"आजी आली की परत द्यायची."

बाईंनी काडीकडे पाहिले. "आली की देईन," म्हणाल्या, आणि मान वाकविली, आणि लिथाने आपल्या हाताने काडी खोचली.

मग गोष्ट चालली. कोल्ह्याने अंड्यास हात घातला होता. पुढे काय, हे आईने सांगितले नव्हते. बाईंनी जीभ टाळूस चिकटवून सोडिली. अंडे आतून फुटले, पिल्लाने चोच बाहेर काढून कोल्ह्याचे नाक धरिले, आणि कोल्हा शेपूट अंड्यापाशीच टाकून नदीपार जाहला. सारी फौज एकदम आवाज करिती जाहली, आणि धुळीत बोटांनी क्यू काढिती जाहली. कित्येकांच्या क्यूचे शेपूट उलटे वळले. ते कोल्ह्याचे समजून माफ केले.

लिथाने निवाडा दिला. "आजीनं वेगळं सांगितलं असतं." मग विचार करून, "पण चालेल."

येणेप्रमाणे क्यू फत्ते जाहला. म्बासाने बाईंचे डोके पुन्हा तपासले, शिंगे आढळली नाहीत. वर्ग कायम. काडी बाईंचे केसांत आहे. थोरल्या बाईसाहेब आल्यावर परत करणेची आहे.