मुकुट आणि लेखी संमती

दर शनिवारी चार ते सहा नात आजोबांची, असा कोर्टाचा हुकूम होता. मुलगा आणि सून वेगळे झाल्यावर आजोबांनी स्वतः अर्ज करून, चपला झिजवून तो मिळवला होता. हुकमात सात अटी होत्या. एक जरी मोडली तरी शनिवार बंद. त्यामुळे नात घरात आली की आजोबांना आनंदाआधी धास्तीच वाटायची.

त्या शनिवारी नातीला राणीचा मुकुट हवा होता. आजोबांनी पुठ्ठ्याचा कापला, पण तो डोक्यावर ठरेना. नीट मापात बसावा म्हणून त्यांनी तो डोक्यावर ठेवूनच उजव्या कानापाशी टोकं चिकटवली, तीही चप्पल चिकटवायच्या गोंदानं. चाळीस वर्षं सलून चालवलेला हा माणूस, पण नातीपुढे अक्कल गहाण पडली होती. पाच वाजता मुकुट काढायला गेले, तर नात किंचाळली; केसही चिकटले होते.

तेल लावून झालं, कोमट पाणी झालं. मुकुट जागचा हलेना, वर तेलानं फ्रॉक माखला. आजोबांना घाम फुटला. त्यांनी वकिलांना फोन लावला.

“वकीलसाहेब, नातीचे चार केस कापावे लागतायत. चालेल ना?”

“अजिबात नाही! अट पाचवी. ‘मुलीचं शिक्षण, आरोग्य आणि रूप यांत दोन्ही पालकांच्या लेखी संमतीशिवाय बदल करू नये.’ ते ‘रूप’ तुमच्याच मुलानं हट्टानं घालून घेतलंय.”

“मग मुकुटासकट पाठवू?”

“अहो, मुकुट हाही रूपातला बदलच की!” वकिलांनी आवाज खाली आणला. “हे बघा, तुम्ही मला काही विचारलंच नाहीत.” आणि त्यांनी फोन ठेवला.

साडेपाच वाजले होते. आजोबांनी देवाचं नाव घेऊन कात्री चालवली. मुकुट सुटला, पण उजवीकडे खळगा पडला. त्याला जुळवायला डावीकडे थोडं घेतलं. डावीकडे अंमळ जास्तच गेलं, म्हणून पुन्हा उजवीकडे. काम वाकडं ठेवून कात्री खाली ठेवायची हाताला सवयच नव्हती. नात आरशात बघून टाळ्या पिटत होती. सहाला पाच कमी असताना दोन्ही बाजू सारख्या झाल्या, तोवर कमरेपर्यंतचे केस कानाच्या वर येऊन पोचले होते.

बेल वाजली. दारात सून.

“सूनबाई, चुकलं माझं,” आजोबा दारातच म्हणाले. “हवं ते बोल, पण शनिवार बंद करू नकोस.”

सुनेनं मुलीभोवती एक चक्कर मारली आणि ती मटकन खुर्चीत बसली. तोंडावर हात, खांदे गदगदतायत. आजोबा पाणी आणायला वळले. मग लक्षात आलं, ती हसत होती.

“अण्णा, सहा महिने मी तुमच्या लेकाकडे हे केस कापायची संमती मागतेय! रोज सकाळी तासभर विंचरणं, हिचं भोकाड, शाळेला उशीर. तीन पत्रं पाठवली, तिन्हींना नकार. आणि तुम्ही अर्ध्या तासात उरकलंत!”

आजोबांचा जीव भांड्यात पडता पडता राहिला. “म्हणजे आता तो माझ्यावर उखडणार.”

“उखडणारच. मी सरळ सांगणार, अण्णांनी कापले.”

नात विचारात पडली. “आजोबा, पप्पा चिडले तर तुम्हालापण ते शनिवारीच भेटणार? चार ते सहा?”

“तेवढा भेटला तरी पुष्कळ झालं गं,” आजोबा बोलून गेले. मुलगा वर्षभरात एकदाही फिरकला नव्हता.

सुनेचं हसू थांबलं. तिनं मुलीच्या मानेवरून हात फिरवला. “बुधवारी घरी या, अण्णा. मागची बाजू वाकडी राहिलीय.”

मागची बाजू दोरी लावून आखल्यासारखी सरळ होती. चाळीस वर्षांत आजोबांनी एकाही गिऱ्हाइकाची अशी तक्रार ऐकून घेतली नव्हती.

“हो गं,” ते म्हणाले, “बरीच वाकडी आहे.”