शिर्क्यांच्या दारी कार्निव्हल

जगातला प्रत्येक कार्निव्हल हा मुळात कोकणातला शिमगा आहे, असं भाऊ शिर्के यांचं मत होतं. व्हेनिसचे मुखवटे शिमगा, रिओचा नाचही शिमगाच. "मूळ बघा, मूळ!" म्हणत ते समोरच्याच्या कोटाचं बटण धरत. बटण तुटलं तरच सुटका.

भाऊ ब्रिस्टलला विमानाच्या इंजिनांच्या कारखान्यात फिटर होते. ऐंशीच्या दशकात मी त्यांच्या समोरच्या घरात राहत असे. त्यांच्या शेजारच्या ग्लोरिया मूळच्या त्रिनिदादच्या. ब्रिस्टलच्या कार्निव्हलमधल्या एका पथकाचे पोशाख त्या शिवत.

"मिस्टर शिर्के, ऐका," त्या सांगत. "उपासाचे दिवस सुरू होण्याआधी फ्रेंच मळेवाले मुखवटे घालून नाचायचे. गुलामांना आमंत्रण नसायचं. मग त्यांनी आपलं वेगळं काढलं, मालकांचीच नक्कल. गुलामी सुटल्यावर ते रस्त्यावर आलं."

"म्हणजे सोंगंच ना? शिमगाच तो!"

ग्लोरिया कपाळाला हात लावत.

भाऊंची तक्रार एकच. शिमग्यात देवाची पालखी प्रत्येक घरी येते. इथली मिरवणूक मात्र कोपऱ्यावरूनच निघून जाते. "रस्त्यानं जाते ती बस. देव दारात येतो." कार्निव्हलच्या दिवशी ते पुढचं दार सताड उघडत, रांगोळी काढत आणि नारळ घेऊन उभे राहत.

"अहो, दार लावा, शेजारचं मांजर शिरलंय," भाऊंच्या पत्नी नलूकाकू आतून ओरडत.

"असू दे गं. पालखी येईल."

संध्याकाळी त्या नारळाच्या वड्या होत.

एका वर्षी भाऊंच्या हट्टापुढे ग्लोरिया हरल्या. त्यांनी अख्खं पथक आमच्या गल्लीत वळवलं. पथकाची लॉरी मावेना, ती कोपऱ्यावर राहिली. पिसांचे मुकुट आणि स्टीलचे ढोल शिर्क्यांच्या दारात आले.

आता मूळ निघणार, असं मला वाटलं.  पण भाऊंनी नारळ ग्लोरियांच्या हातात दिला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. कोकणात पालखीपुढे घरधनी असं मागणं मागतो आणि गाव प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतो.

"बा देवा म्हाराजा! बाप गेल्यापासून गावच्या घराला कुलूप आहे..."

"यस, मॅन!" पथक जोरात ओरडलं. एक शब्दही कुणाला कळला नव्हता.

"तुझी पालखी दरसाल बंद दारावरनं परत जाते..."

"यस, मॅन!"

"तुझ्या या पोराला रजा मिळत नाही म्हाराजा. त्याच्यावर रागावू नको. हे दार उघडं ठेवलंय, इथं येत जा."

त्यांचा आवाज एवढा खाली गेला होता, की या वेळी पथकातून कुणी ओरडलं नाही.

नलूकाकू पदराला हात पुसत उंबऱ्यापाशी येऊन उभ्या होत्या. त्याच म्हणाल्या, "होय म्हाराजा."