कोपऱ्यातला डाग

लॉन्ड्रीवाल्याने मिक्सर लावण्याआधी रबरी हातमोजे चढवले. दोन पेले व्होडका-बेरी करायला हातमोजे कशाला, असं कुणीही विचारलं असतं. पण बावीस वर्षं दुसऱ्यांचे कपडे धुतलेला माणूस रंगीत वस्तूला उघड्या हातांनी शिवत नाही. लोकांना कुत्र्याची भीती वाटते, पोलिसांची वाटते. याला जांभळ्या रंगाची वाटायची.

संध्याकाळी सात वाजता मेव्हणा येणार होता. हा मेव्हणा जहाजावरच्या बारमध्ये कामाला होता आणि सहा महिन्यांनी एकदा जमिनीवर उतरला की बहिणीच्या घरी येऊन एकच वाक्य बोलायचा, "दाजी, तुम्हाला धुण्यापलीकडे काही जमतं का हो?" या वेळी त्याने आठवडाभर आधी व्होडकाची बाटली पाठवली होती आणि फोनवर कृतीचा व्हिडिओही पाठवला होता. म्हणजे परीक्षाच होती. लॉन्ड्रीवाल्याने ती मनाला लावून घेतली होती.

त्याने स्ट्रॉबेरी, रास्पबेरी आणि मूठभर काळी तुती मिक्सरमधून काढली. ओट्यावरच्या फोनमधल्या व्हिडिओतून मेव्हण्याचा आवाज आला, "आता गाळायचं. चाळणीतून नाही हं दाजी, बिया उतरतात. स्वच्छ, बारीक कापडातून."

स्वच्छ कापड! या घरात त्याची काय कमी? दुकान खाली, घर वर. स्वयंपाकघराच्या दाराजवळ दोन खुंट्या होत्या आणि त्यांचा कायदा लग्नाइतकाच जुना होता: डावी आपली, उजवी गिऱ्हाइकांची. उन्हात टाकता येत नाहीत असे नाजूक कपडे उजव्या खुंटीवर सावलीत वाळायचे. डाव्या खुंटीवर गाळायचं पांढरं फडकं असायचं. लॉन्ड्रीवाल्याने फोनवरची नजर न काढता डाव्या खुंटीवरचं पांढरं कापड ओढलं, पातेल्यावर धरलं आणि लगदा ओतला. चांगला पिळून घेतला. रस असा झरझर उतरला की तो स्वतःवरच खूश झाला.

"झकास!" तो मोठ्याने म्हणाला.

मग पिळलेलं कापड झटकायला उलगडलं. ते उलगडत गेलं. एक हात, दोन हात, अडीच हात. गाळायचं फडकं एवढं मोठं कधी झालं, या विचारात त्याने एक हातमोजा काढला आणि बोटांनी कापडाला स्पर्श केला.

रेशीम होतं.

ही शाल निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची होती. पांढरी, चाळीस वर्षांपूर्वीची. उद्या त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती आणि उद्या त्या हीच शाल घेणार होत्या. आज सहा वाजता त्या स्वतः न्यायला येणार होत्या. भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते, आणि शालीच्या मधोमध परातीएवढा जांभळा भोपळा उमटला होता.

त्याने बायकोला फोन लावला. ती बर्फ आणि पाव आणायला बाहेर पडली होती.

"अगं, बाईंची शाल डाव्या खुंटीवर कशी?"

"मीच ठेवली. उजवी खुंटी मिक्सरच्या जवळ नाही का? म्हटलं, तुमचे उद्योग चाललेत, शिंतोडे उडायचे. का हो?"

"काही नाही. दुकानाची किल्ली कुठंय?"

"माझ्या पर्समध्ये. आज सुट्टी आहे ना! झालंय काय?"

"काही नाही," म्हणत त्याने फोन ठेवला. डाग काढायचं स्पिरिट दुकानात, दुकानाची किल्ली पर्समध्ये आणि पर्स बाजारात. काळवेळ बघून संकटं यायची तर ती संकटं कसली?

पण डागापुढे हात टेकणारा हा माणूस नव्हता. दुकानावरच्या पाटीवर त्याने स्वतः रंगवून घेतलं होतं, 'आमच्याकडे डाग टिकत नाही.' गार पाणी घेतलं, शाल उलटी धरली आणि मागून धार सोडली. जांभळ्याचा लाल झाला. मग व्हिनेगर टिपलं. लालाचा गुलाबी झाला आणि तिथेच अडून बसला. आता स्पिरिटच हवं होतं. त्याची नजर ओट्यावरच्या बाटलीवर गेली. व्होडका म्हणजे तरी काय? पाणी आणि स्पिरिटच की!

एक क्षण त्याला मेव्हण्याचा चेहरा दिसला. दुसऱ्या क्षणी बाईंचा दिसला. त्याने बूच उघडलं.

पुढचा पाऊण तास त्या स्वयंपाकघरात दवाखान्यासारखी शांतता होती. खाली जुना टॉवेल, वर शाल, त्यावर व्होडकाचे थेंब, आणि टिपकागदासारखा हलका हात. टॉवेल गुलाबी होत गेला, शाल पांढरी होत गेली, बाटली रिकामी होत गेली. साडेपाचला मधला भोपळा समूळ गेला. लॉन्ड्रीवाल्याने शाल खिडकीपाशी धरली आणि कडेकडेने नजर फिरवली. एका कोपऱ्यात नखाएवढा तपकिरी-लाल ठिपका अजून होता. शिंतोडा इथवर उडालाच कसा! तो ठिपका महाचिवट निघाला. व्हिनेगरला दाद देईना, पाण्याला देईना. अखेर बाटलीतली शेवटची दोन टोपणं त्याच्यावर खर्ची पडली तेव्हा कुठे तो हरला.

किल्ली फिरली. बायको आत आली. गुलाबी टॉवेल, रिकामी बाटली आणि घामाघूम नवरा बघून ती काय ते समजली.

"पूर्ण गेला?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"बघ की! शोधून दाखव."

तिने शाल हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग चारही कोपरे पाहिले. मग पुन्हा पाहिले. तिचा चेहरा पडत गेला.

"अहो, कोपऱ्यातला कुठंय?"

"तो पण काढला. फार त्रास दिला लेकाने."

"अहो, तो तुमचा नव्हता! तो त्यांचा होता!" बायको मटकन स्टुलावर बसली. "चाळीस वर्षांचा डाग तो! पिशवीला चिठ्ठी टाचलीय, कोपऱ्यातला डाग काढू नये म्हणून. त्यांच्या यजमानांनी पहिल्या भेटीत त्यांच्या अंगावर पेला सांडला होता तुतीच्या रसाचा. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ते तो डाग शोधतात आणि म्हणतात, ही माझी सही. त्यांना तो डाग दाखवायलाच बाई उद्या ही शाल घेणार आहेत!"

पिशवी दाराशीच होती. चिठ्ठीही होती. आयुष्यात पहिल्यांदाच लॉन्ड्रीवाल्याला आपल्या हातच्या कामाची लाज वाटली, आणि ती चांगल्या कामाची वाटली हे जास्त वाईट होतं.

"किती वाजले?"

"पाच चाळीस."

"आकार नेमका कसा होता? मी नुसता पुसतच होतो."

"नखाएवढा. एका बाजूला शेपूट, असं बाई सांगतात."

त्याने पातेलं पुढे ओढलं. आता सुरू झालं ते खरं मिश्रण. बेरीचा रस चार थेंब. फार तरुण रंग. चहाचं पाणी एक थेंब, बरा पिकला. लिंबू अर्धा थेंब. छे, फिकटला, पुन्हा चहा. एवढ्या काळजीने जहाजावरसुद्धा कुणी पेला भरला नसेल. काडीला कापूस गुंडाळून त्याने श्वास रोखला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा, जाणूनबुजून, गिऱ्हाइकाच्या कपड्याला डाग लावला. त्याला शेपूट काढली. मग ओल्या डागावर गरम इस्त्री ठेवली. धंद्यातलं हे सर्वांत मोठं पाप, कारण त्याने डाग कायमचा बसतो. बायकोने मान फिरवली.

बेल वाजली.

मुख्याध्यापिकाबाई आत आल्या, बसल्या नाहीत. चष्मा चढवून त्यांनी थेट कोपरा हातात घेतला. खिडकीपाशी नेला. नाकाजवळ नेला.

"हा तुम्ही लावलात," बाई म्हणाल्या. वर्गात कागदाचं विमान कुणी सोडलं हे ओळखणारा तो आवाज होता.

लॉन्ड्रीवाल्याला खोटं बोलावं असं फार वाटलं. "हो," तो म्हणाला. "मूळचा माझ्या हातून गेला. चूक झाली, बाई. उद्या मी स्वतः येऊन तुमच्या यजमानांना सांगतो."

"खबरदार!" बाई एवढ्या जोरात म्हणाल्या की बायकोच्या हातातला पाव पडला. मग त्यांनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं आणि स्टूल ओढून बसल्या. "मूळचा म्हणजे कुठला? मूळचा अकरा वर्षांपूर्वीच गेला. माझ्याच हातून, शाल चादरींबरोबर भिजवली गेली. रात्रभर रडले. मग बीट किसलं आणि लावला एक. दुसऱ्या दिवशी यांनी शोधला आणि म्हणाले, बघ, जसाच्या तसा!"

लॉन्ड्रीवाल्याने खाली पडलेला पाव उचलून बायकोच्या हातात दिला.

"तेव्हापासून दर वर्षी धाकधूक," बाई म्हणाल्या. "बीट उन्हाने विटतं हो. दोनदा नवा लावावा लागला." त्यांनी कोपरा पुन्हा डोळ्यांजवळ नेला आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "तुमचा जास्त बरोबर आहे. शेपटीसकट. त्या दिवशी असाच पडला होता."

जाताना त्यांनी उरलेल्या रसातला अर्धा एका लहान बाटलीत भरून मागून घेतला. लॉन्ड्रीवाल्याने पावतीवर लिहिलं, 'शाल एक, डाग एक.' बाईंनी ती नीट घडी करून पर्समध्ये ठेवली.

सातच्या ठोक्याला मेव्हणा आला. त्याने पेल्यातला बर्फ हलवला, घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि भुवया उंचावल्या.

"चव फर्स्ट क्लास जमलीय, दाजी. पण व्होडका कुठंय?"

लॉन्ड्रीवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती पाव कापण्यात फारच गढून गेली होती.

"धुण्यात संपली," तो म्हणाला.