दोन करवती आणि उचगावची चिंच

तौलनिक अभ्यासाशिवाय निर्णय घेऊ नये, हे सुधारलेल्या समाजाचे लक्षण आहे. उचगावच्या रस्त्याकडेची सात वाळकी झाडे तोडायचा ठेका मिळताच हंबीररावांनी म्हणूनच पेट्रोलवर चालणाऱ्या दोन करवती मागवल्या. एक पिवळी, महाग. एक लाल, स्वस्त. इतका दूरदृष्टीचा ठेकेदार आमच्या भागात दुसरा नाही.

पिवळी शिवाजी पेठेतल्या पृथ्वीराजने धरली, लाल उचगावच्या आकारामने. दोघेही तालमीतले, त्यामुळे अभ्यासाला हलगी आली, फेटे आले आणि पंच म्हणून निवृत्त मुख्याध्यापक दत्तोपंत आले. दोघांनी एकेक झाड वाटून घेतले; पहिली जोड पिवळीने मारली. लालवाले म्हणाले, आमचं झाड जाड होतं. मान्य. दुसरी लालने मारली, तर पिवळीवाल्यांच्या झाडात खिळा निघाला (कुठल्याशा उमेदवाराच्या फलकाचा). हेही मान्य. हरलेला माणूस कोल्हापुरात अजून कोणी पाहिलेला नाही.

तीन जोड्यांनंतर सातवे झाड एकटे उरले. जोडीशिवाय कुस्ती लावणे अन्यायाचे, म्हणून त्याला शेजारचे एक हिरवे झाड दिले. पायंडा पडला.

खर्चाचा तक्ता दत्तोपंतांनी सुवाच्य अक्षरात ठेवला: पेट्रोल, साखळीचे तेल, कानस, हलगीवाला, मिसळ (फेरीस चाळीस प्लेट). झाड: फुकट.

चोवीस जोड्या झाल्या, गुण बारा-बारा. आता रस्त्यावर एकच झाड उभे होते, झुंबरबाईच्या चहाच्या गाड्यावरची चिंच. दोन्ही करवती दोन बाजूंनी लावायच्या, आधी मध्यावर पोचेल ती जिंकली, असे ठरले.

झुंबरबाई पंचांच्या पाया पडली. वीस वर्षे ती या सावलीवर पोट भरत होती. दत्तोपंतांनी तक्ता वरून खालपर्यंत पुन्हा वाचला आणि सावलीचा रकाना त्यात नसल्याचे खेदाने सांगितले. तेव्हा ती बघ्यांकडे वळली. ऊन रणरणत होते आणि सगळे बघे चिंचेखालीच उभे होते.

"पावणं, तुमी तरी बोला की. चिंच गेली तर गाडा कुठं लावू?"

त्या क्षणाचा फोटो माझ्याकडे आहे. डावीकडून तिसरे तुम्ही. अंगावर सावली, हातात तिचाच चहा. लोक म्हणतात, त्या दिवशी कोणीच काही बोलले नाही. हे खोटे आहे, मी साक्षीला आहे. तुम्ही बोललात.

"मावशी, जरा बाजूला व्हा की. दिसत न्हाय."