कमरेवरून ओळखणारे मामा

अंबादासमामा माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, कमरेवरून ओळखतात. गुलमंडीच्या भर गर्दीत त्यांनी एकदा मला मागून हाक मारली होती, "सर, रात्री उताणे झोपले नाय वाटतं!"

त्यांच्या पुतणीच्या लग्नात नवरदेव पाया पडायला वाकला, तर मामांनी आशीर्वादाचा हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि त्याला अर्ध्यातच थोपवलं. "पाठीची कमान नका करू, जावईबापू. बूड मागं, छाती वर. हां, आता करा नमस्कार." नवरदेवानं मुकाट्यानं केला. आमच्या गल्लीतला सिलिंडरवालासुद्धा मामा दिसले की आधी पोटात श्वास भरून घेतो, मगच सिलिंडर उचलतो.

मामा मूळचे बिडकीनचे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी सहाला गारखेड्यातल्या आमच्या जिममध्ये हजर. ते तिथले ट्रेनर मात्र नाहीत. मालक इम्रान सांगतो, "मैंने रखा नहीं. वो खुद रह गए."

मी शाळेत गणित शिकवतो. पंचेचाळिशीत पोट सुटलं म्हणून जिम लावली आणि पहिल्याच दिवशी डेडलिफ्ट करायला, म्हणजे जमिनीवरचं वजन उभं राहून उचलायला, बारला हात घातला. मामांनी मला बाजूला घेतलं आणि हातात झाडूचा दांडा दिला. तो पाठीला उभा लावायचा. डोकं, पाठ आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकला पाहिजे. तसंच कंबरेतून पुढं वाकायचं. दांडा जरा सुटला की मामा विचारायचे, "कंबर सोताची हाय ना सर? का भाड्यानं आनली?"

शेजारी विशीतली पोरं शंभर किलो उचलत होती आणि मी तीन आठवडे झाडूच्या दांड्याला नमस्कार घालत होतो.

मग बार मिळाला. "नडगीला खेटून ठेवा. लांब गेला की तोच तुमाला वढतो. झटका नाय द्यायचा. आन वजन उचलू नका सर, पायानं जिमीन खाली ढकला." हे शेवटचं मला कळायला महिना लागला. कळलं त्या दिवशी बार आपणहून वर आल्यासारखा आला. मी खुशीत मामांकडं बघितलं. ते म्हणाले, "ठेवताना बी तसंच. लई जन ठेवतानाच मोडत्यात."

एकदा मामा दोन दिवस पैठणला पाहुण्यांकडं गेले. मी संधी साधली आणि सरळ ऐंशी किलो लावले. दोन पोरांनी कौतुकानं मोबाईल धरला. पहिल्यांदा बार वर आला. दुसऱ्यांदा तो नडगीपासून लांब गेला, पाठ वाकली, मी दिला झटका आणि कंबरेत वीज चमकली. बार खाली पडला. मी मात्र वाकलेला तसाच राहिलो. इम्राननं रिक्षात घातलं आणि गणिताचा मास्तर काटकोनात घरी पोचला.

डॉक्टर म्हणाले, स्नायू दुखावलाय, मणके ठीक आहेत. नुसतं पडून राहू नका, थोडं थोडं चाला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मामा दारात. मी शिव्या खायच्या तयारीनं अंथरुणातून उठायला लागलो आणि कळवळलो.

"असं नाय. आधी कुशीवर व्हा. पाय खाली सोडा. आता हातानं रेटा."

मी बसता झालो. ऐंशी किलोबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. अडुसष्ट वर्षांचा तो माणूस माझ्यासमोर उकिडवा बसला आणि माझ्या पायात बूट घालू लागला.

"मामा, राहू द्या हो."

"वाकायचं नाय तुमी," ते म्हणाले आणि लेस बांधली. मग माझं कोपर धरून गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणलं.

असं रोज चाललं. पाच वाजता मामा, चालणं, मग चहा. जे मला दोन महिन्यांत कळलं नव्हतं, ते आमच्या हिनं दोन चहांत काढून घेतलं. "मामींना जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी बंगळूरला असते. दुपारचं जेवण झालं की दिवस सरत नाही म्हणत होते."

पंधराव्या दिवशी त्यांनी मला वाकायला लावलं, सरळ व्हायला लावलं, पाण्यानं भरलेली बादली उचलायला लावली. कुठंच दुखलं नाही.

"झालं, सर. बरे झाले तुमी. आता माझं काम नाय हितं."

चहा कधीच संपला होता. मामा रिकामा कप हातात फिरवत बसून होते. स्वयंपाकघराच्या दारातून ही माझ्याकडं बघत होती.

"मामा," मी म्हणालो, "डावीकडं अजून जरा धरल्यासारखं वाटतंय."

ते उठून माझ्या मागं आले. अंगठ्यानं डावी बाजू दाबून बघितली. मग पुन्हा दाबली. त्या कंबरेत आता काहीही उरलेलं नव्हतं आणि ते त्यांच्या अंगठ्याला कळलं नसेल हे शक्यच नव्हतं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

"व्हय," ते म्हणाले. "हाय थोडं. उद्या येतो."